लेस एजर्टन यांचं ‘हुक्ड’ : कथेच्या पहिल्या पानासाठी काय घ्यावं, काय सोडावं

कथा कशी सुरू करावी एवढ्या एकाच विषयावर अख्खं पुस्तक क्वचितच लिहिलं जातं. लेस एजर्टन या अमेरिकन कादंबरीकाराने ते लिहिलं. ‘हुक्ड’ हे त्याचं नाव. रायटर्स डायजेस्ट बुक्सने ते २००७ साली काढलं. अमेरिकेत हस्तलिखित आधी एजंटकडे जातं, मग प्रकाशकाकडे. दोघांच्याही टेबलावर ढीग साचलेला असतो आणि बहुतेकांचा निकाल पहिल्या काही पानांतच लागतो, या वस्तुस्थितीवर हे पुस्तक उभं आहे. मराठीत एजंट नसतो. पण दिवाळी अंकाच्या संपादकाकडे पावसाळ्यात कथांचा ढीग लागतोच, आणि मोबाइलवर वाचणाऱ्याचा अंगठा त्या संपादकाहूनही अधीर असतो. त्यामुळे पुस्तक आपल्या कामाचं नक्की आहे. मात्र काही जागी ते मराठीला जसंच्या तसं लागू होत नाही, आणि नेमक्या त्याच जागा लिहिणाऱ्याला जास्त उपयोगी पडतील.

आधी त्याचं मोठं देणं सांगायला हवं. सुरुवात म्हटली की बहुतेक लेखक पहिल्या वाक्याच्या मागे लागतात. वाक्य घासतात, पुसतात, चमकवतात. एजर्टन तिथून लक्ष काढून पहिल्या प्रसंगाकडे नेतात. त्यांच्या हिशेबात सुरुवातीच्या प्रसंगाचे दहा घटक आहेत. चार मुख्य : ठिणगी पाडणारी घटना, कथेच्या पोटातला प्रश्न, समोर उभा राहिलेला प्रश्न आणि प्रसंगाची मांडणी. उरलेले सहा म्हणजे पूर्वकथा, पहिलं वाक्य, भाषा, पात्र, स्थळ आणि पुढच्याची चाहूल. म्हणजे पहिलं वाक्य दुय्यमांत गेलं. हा क्रम मान्य झाला तरी पुस्तकाचे पैसे वसूल झाले असं म्हणायला हरकत नाही. ज्या कथेत काही बिनसलेलंच नाही, तिचं पहिलं वाक्य कितीही देखणं असलं तरी दुसऱ्या परिच्छेदात वाचक सुटतो.

समोरचा प्रश्न आणि पोटातला प्रश्न यांत एजर्टन जो भेद करतात, तो या पुस्तकाचा कणा आहे. पुस्तकातली उदाहरणं अमेरिकन आहेत, म्हणून इथे आपल्याकडचं एक घेऊ. बहीण भाऊबीजेला माहेरी आली आहे. वडिलांना जाऊन वर्ष झालं. वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर भावाच्या जोडीला तिचंही नाव लागलं आहे. भावाला जमीन विकायची आहे आणि त्यासाठी बहिणीचं हक्कसोड पत्र हवं आहे. ओवाळणं आटोपताच तो मसुदा पुढे करतो. ही ठिणगी. सोमवारी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन सही करायची की नाही, हा समोरचा प्रश्न. आणि पोटातला प्रश्न असा : सातबाऱ्यावरचं नाव सोडलं तर माहेर टिकेल, की सोडलं तरच ते कायमचं संपेल?

समोरचा प्रश्न कथेत बदलत जातो. बहीण सोमवार टाळते, मग वकिलाला भेटते, मग वहिनीशी तिची गाठ पडते. पोटातला प्रश्न मात्र शेवटपर्यंत तोच राहतो, आणि पहिल्या पानावर तो उघड सांगायचा नसतो. वाचकाला त्याचा नुसता वास यावा. मराठी कथांचे कच्चे खर्डे बहुधा याच्या उलट करतात. बहिणीला माहेराबद्दल वाटणारी हुरहूर, आईची आठवण, अंगणातला पारिजातक, सगळं पोटातलं आधीच मांडून होतं. आणि मसुदा येतो तिसऱ्या पानावर. तोवर वाचकाकडे धरायला काही नसतं. उलट बाजूचीही चूक होते. पहिल्याच ओळीत खून, अपघात किंवा बेपत्ता मूल, आणि ज्याच्यावर हे ओढवलं त्याच्याशी वाचकाची ओळखच नाही. पोटात प्रश्न नसला की नुसत्या धक्क्याचा परिणाम एक पानभरसुद्धा टिकत नाही.

आता पूर्वकथा. ठिणगीच्या आधी घडलेलं सगळं म्हणजे पूर्वकथा, अशी व्याख्या पुस्तक करतं आणि ती सुरुवातीच्या प्रसंगात जेमतेम ठेवायला सांगतं. वडील कसे होते, वाटण्या कशा झाल्या, बहिणीच्या लग्नात किती खर्च झाला, हे लेखकाला माहीत असावंच लागतं. पण पहिल्या पानावर त्यातलं तेवढंच यावं, ज्यावाचून वाचक अडखळेल. ‘जेमतेम’ म्हणजे नेमकं किती, हे मराठी लेखकाने स्वतः ठरवावं लागतं. दिवाळी अंकातल्या तीन-चार हजार शब्दांच्या कथेत ठिणगी पहिल्या अडीचशे-तीनशे शब्दांत पडावी, म्हणजे टाइप केलेल्या एका पानात. त्या पानावर पूर्वकथेची दोन-तीन वाक्यं पुरतात. कादंबरीत सवड जास्त असते, पण पहिलं प्रकरण ठिणगीविना संपलं तर दुसऱ्या प्रकरणाला वाचक उरेलच असं नाही.

हे आपल्या खर्ड्यात तपासायला मराठी व्याकरणच हाताशी आहे, आणि इथे इंग्रजी पुस्तक काही मदत करू शकत नाही. पहिल्या तीनशे शब्दांचा मजकूर छापून घ्यावा, पेन्सिल घ्यावी आणि क्रियापदं तपासावीत. ‘यायची, बसायचे, म्हणायची’ किंवा जुन्या वळणाची ‘येई, बसे, म्हणे’ ही रूपं अधोरेखित करावीत. ती नेहमी घडणाऱ्या गोष्टी सांगतात, आणि जे नेहमी घडतं त्यात आज काही बिनसलेलं नसतं. दुसऱ्या खुणेने ‘गेला होता, ठरवलं होतं, सांगितलं होतं’ ही रूपं दाखवावीत. ती पूर्वकथेची सही आहेत. तिसरी खूण नुसत्या ‘होता, होती, होतं’ने संपणाऱ्या वर्णनाच्या वाक्यांना. जे उरेल, ‘ठेवला, विचारलं, उचलली, हसला’ असं, तेवढंच कथेत प्रत्यक्ष घडतंय. खुणा केलेली वाक्यं निम्म्याहून जास्त निघाली तर कथा अजून सुरू झालेली नाही.

मग कोणाला तरी काही तरी हवं आहे आणि ते सहज मिळणार नाही, असं पहिलं वाक्य शोधावं. त्याच्या वरचा मजकूर कागदाने झाकून तिथून पुढे एखाद्या अनोळखी माणसाला वाचायला द्यावं. तो जिथे अडतो तिथे लागणारी माहिती वरून उचलून खाली आणावी. बहुतेक वेळा झाकलेल्या पानभर मजकुरातून मोजकी वाक्यंच परत येतात. बाकीचं फेकून देऊ नये. त्यातलं बरंच पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या प्रसंगात, वाचकाला ते जाणून घ्यायची इच्छा झाल्यावर, चपखल बसतं.

टाळायच्या सुरुवातींची एक यादी पुस्तकात आहे आणि ती अजूनही ताजी वाटते. स्वप्नाने सुरुवात नको, कारण जागं झाल्यावर वाचकाला फसवल्यासारखं होतं. गजराच्या घड्याळाने नको. नकळत हास्यास्पद होणारी सुरुवात नको. संवादाचा दुष्काळ नको. आणि उलट, थेट संवादानेही सुरुवात नको, कारण कोण कोणाशी बोलतंय हे वाचकाला कळत नाही. आपल्याकडच्या चुका यात भरायच्या तर दोन आवर्जून भराव्या लागतील. एक, ‘आयुष्य म्हणजे...’ छापाचा सुविचार. दोन, पहाट, चहा आणि वर्तमानपत्र. पहाटे उठून चहा ठेवणाऱ्या पात्राला अजून काहीही अडलेलं नसतं. लेखक स्वतः कथेत शिरण्यासाठी अंग मोकळं करत असतो, ते पान खर्ड्यात हवंच, छापताना नको.

संवादाने सुरुवात नको, हा सल्ला मात्र मराठीत तपासून घ्यायला हवा. इंग्रजीत ‘तिने सही केली का?’ एवढं वाक्य कोणाचंही असू शकतं. मराठीत तेच असं लिहिता येतं : “अहो, वन्संनी सही केली का हो?” बोलणारी बायको आहे, ऐकणारा नवरा आहे, सही त्याच्या बहिणीची हवी आहे, आणि घर थोडं जुन्या वळणाचं आहे. हे सगळं सहा शब्दांत. आपली संबोधनं, ‘तू’ आणि ‘तुम्ही’तला फरक, क्रियापदाचं लिंग आणि नात्यांची नावं मिळून बोलणाऱ्याचा अर्धा पत्ता वाक्यातच लिहून ठेवतात. म्हणून मराठीत संवादाने सुरुवात करायला हरकत नाही. अट एवढीच की वाक्यात नातं दिसावं आणि लगोलग दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात वाचकाचे पाय कुठल्या तरी खोलीत टेकावेत. “नाही! मी हे कधीच होऊ देणार नाही!” असं कोणाच्याही तोंडी बसणारं वाक्य असेल तर एजर्टन यांचाच सल्ला खरा.

पहिल्या वाक्याबद्दल पुस्तकात भरपूर उदाहरणं आहेत, पण वाक्य घडतं कसं हे मराठी लेखकाला त्यातून कळणार नाही. इंग्रजी वाक्यात क्रियापद लवकर येतं, आपलं शेवटी. त्यामुळे मराठीत वाक्याचा ताण क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागी साठतो. ‘दादाने मसुदा नोटेखाली ठेवला’ आणि ‘दादाने नोटेखाली मसुदा ठेवला’ ही दोन वाक्यं शब्दांनी सारखी आहेत. पहिल्यात मसुदा आधीच ठाऊक आहे आणि तो कुठे ठेवला ते कळतं. दुसऱ्यात मसुदाच नवा आहे. कथेच्या आरंभी वाचकाला काहीच ठाऊक नसतं, म्हणून दुसरी रचना हवी. नवी, जड गोष्ट क्रियापदाला चिकटून आली की वाक्य आपोआप धार धरतं. याची दुसरी बाजू म्हणजे ‘-ऊन’ची माळ. ‘उठून, आवरून, ताट घेऊन, दिवा लावून, पाटाशी येऊन ती बसली’ असं वाक्य वाचकाला शेवटापर्यंत श्वास धरायला लावतं आणि मग हातावर फक्त ‘बसली’ ठेवतं. पहिल्या वाक्यात अशी दोन रूपं पुरेत.

आपल्या कथेसाठी तीन वाक्यं करून पाहू. ‘तो कागद तिचं आयुष्य बदलून टाकणार होता, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.’ इथे लेखक स्वतः पुढे येऊन वचन देतोय, पदरात काहीच घालत नाही. ‘ताटात जे होतं ते पाहून तिच्या पायाखालची जमीन सरकली.’ इथे पात्राला दिसतंय ते वाचकापासून लपवलंय. अशी लपवाछपवी उत्सुकता वाढवते असं वाटतं, प्रत्यक्षात तिने विश्वास कमी होतो. कारण नजर पात्राची आणि डोळ्यांवर पट्टी फक्त वाचकाच्या. तिसरं : ‘ओवाळून झालं तसा दादाने ताटात हक्कसोड पत्राचा मसुदा ठेवला, वर पाचशेची नोट.’ काहीच लपवलेलं नाही. प्रसंग, नातं, मागणी आणि त्या मागणीची किंमत, सगळं दिसतं, तरी प्रश्न उघडाच राहतो. भाऊबीज आहे की राखीपौर्णिमा, हे पुढच्या वाक्यात कळलं तरी चालेल. उत्सुकता माहिती दडवण्यातून येत नाही. माहिती मिळाल्यावर आता ही काय करणार, या प्रश्नातून ती येते. पुस्तकात ही गोष्ट आणखी ठसठशीत यायला हवी होती.

प्रथमपुरुषी कथेत एक सापळा आहे, तोही इंग्रजीत नसलेला. ‘मी माहेरी आले’ म्हणताक्षणी बोलणारी बाई ठरते. ‘मी कागद उचलला, मी सही केली’ यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे बोलणारा कोण ते कळत नाही. सुरुवातीची पाच-सहा वाक्यं अशी गेली आणि मग अचानक ‘मी उठले’ आलं, तर वाचकाला मनातलं चित्र पुसून नव्याने काढावं लागतं. म्हणून बोलणाऱ्याचं लिंग दाखवणारं एखादं क्रियापद पहिल्या दोन वाक्यांत मुद्दाम आणावं. मुद्दाम लपवायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं असेल तर ते लपवणं कथेच्या कामाचं असायला हवं.

पुस्तकाच्या उणिवांकडे वळू. ‘थेल्मा अँड लुईस’ या १९९१च्या चित्रपटाचं उदाहरण त्यात पुन्हा पुन्हा येतं. रचना समजायला ते सोपं आहे, पण चित्रपटाला नटीचा चेहरा, गाडी, रस्ता, संगीत आयतं मिळतं. पटकथेतला पहिला प्रसंग कागदावर तसाच उतरवला तर तो कोरडा होतो, कारण पात्राचा आवाज कोणत्या वाक्यातून ऐकू येईल याचं उत्तर पटकथेत सापडत नाही. दुसरं, मूळ मुद्दा लवकर पटतो आणि तरी तो अनेक प्रकरणांत फिरून भेटतो. तिसरं, शेवटी एजंट आणि संपादकांची मतं दिली आहेत. नकार का मिळतो हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यात मोल आहे, पण त्यातला बाजार २००७चा आणि अमेरिकेचा आहे. तो भाग चाळला तरी पुरे.

सगळ्यात मोठी शंका घाईबद्दल येते. थेट अडचणीतून सुरुवात करा, हा पुस्तकाचा धोशा आहे. आपल्या परंपरेत तर सावकाश सुरुवातीची मोठी रीत आहे. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंगात निरूपण होतं आणि आख्यान उत्तररंगात येतं. तमाशातही गण आणि गवळण आधी, वग नंतर. मग मराठी कथेने अमेरिकेची घाई का करावी? याचं उत्तर श्रोत्यात आहे. कीर्तनाला आलेला माणूस मांडी घालून बसलेला असतो, तमाशाचा प्रेक्षक तिकीट काढून आत आलेला असतो. कथेचा वाचक अजून दाराबाहेर आहे. शिवाय पूर्वरंग म्हणजे रिकामा वेळ नव्हे. कीर्तनकार अभंगातला प्रश्न आधीच रोवून ठेवतो आणि आख्यान त्याचं उत्तर देतं. संथ सुरुवात चालते, ती अशीच : पानावर काही आदळलं नाही तरी चालेल, पण प्रश्न रोवलेला असावा. बहीण ओवाळायच्या आधी दोन परिच्छेद फक्त रांगोळी काढत असेल, आणि वहिनी तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत असेल, तर ती सुरुवात संथ असूनही पकड घेते. एजर्टन यांच्या चौकटीत हे बसतं, पण ते स्वतः यावर फार थांबत नाहीत. त्यामुळे नवखा लेखक पुस्तक वाचून आरडाओरडीने सुरुवात करू लागण्याचा धोका आहे.

मालिकेच्या रूपात, भागाभागांनी लिहिणाऱ्यांसाठी पुस्तकात जवळपास काही नाही. त्यांना दर भागाला नवी सुरुवात लागते आणि तिथे ठिणगी दरवेळी नवी नसते. मागच्या भागाचा सारांश देऊन सुरू करण्यापेक्षा मागच्या भागात बदललेला समोरचा प्रश्न एका कृतीत दाखवावा. ‘सोमवारी अकरा वाजता दादाने निबंधक कार्यालयाबाहेरून तिसऱ्यांदा फोन केला’ एवढ्याने मागचं आठवतं आणि पुढचं सुरू होतं.

नोआ ल्यूकमन या साहित्यिक एजंटाचं ‘द फर्स्ट फाइव्ह पेजेस’ हे २०००चं पुस्तक याच कपाटातलं. दोन्हींपैकी आधी कुठलं घ्यावं असं कोणी विचारलं तर उत्तर खर्ड्यावर अवलंबून आहे. ल्यूकमन विशेषणं, क्रियाविशेषणं, वाक्याचा नाद, संवादातले दोष अशा क्रमाने जातात आणि प्रकरणांना सराव जोडतात. भाषा बोजड होत असेल तर ते आधी. भाषा स्वच्छ आहे, वाचणारे ‘छान लिहिलंय’ म्हणतात आणि तरी पुढचं पान मागत नाहीत, अशा वेळी ‘हुक्ड’. कथेचा पहिला खर्डा लिहून होण्याआधी मात्र ‘हुक्ड’ वाचू नये. पूर्ण खर्डा हातात नसताना दहा घटकांची यादी समोर असली तर लेखक पहिल्या पानावरच अडकून बसतो. पोटातला प्रश्न तर बरेचदा शेवट लिहून झाल्यावरच लेखकाला कळतो.

इंग्रजी साधं आहे, वाक्यं बोलकी आहेत, कॉलेजातलं इंग्रजी पुरतं. वाचताना ठिणगी, समोरचा आणि पोटातला प्रश्न यांवरची प्रकरणं आणि पूर्वकथेचं प्रकरण सलग वाचावीत, टाळायच्या सुरुवातींची यादी वहीत उतरवून घ्यावी आणि पहिल्या वाक्याचं प्रकरण शेवटी ठेवावं. सोबत स्वतःच्या दोन कथांची पहिली पानं छापून ठेवावीत, एक पूर्ण झालेली आणि एक अडलेली. अडलेल्या कथेत बहुधा समोरचा प्रश्नच ठरलेला नसतो, आणि ते पान समोर असलं की ही उणीव पुस्तक वाचतानाच लक्षात येते.